इशाऱ्याचा टोला

शेवटचा टोला पितळेच्या थाळीवर पडला, थाळी थरथरत राहिली, आणि ती थरथर हातोडीच्या दांड्यातून कोपरापर्यंत चढत असतानाच मावशीला कळलं की आपण चुकलो. जिना संपला म्हणून बेफिकीर पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं काहीतरी आत धस्सकन खाली गेलं. मग तिने मान वर करून व्हरांड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. मोठा काटा बारावर ताठ उभा, छोटा दोनवर. रोजचंच चित्र. याच चित्राला ती सव्वीस वर्षं लांब घंटा देत आली होती, न थांबता, थाळीला श्वास घेऊ न देता, की पेनं खाली आणि पेपर जमा. आज मात्र या चित्राला एकच टोला द्यायचा होता. इशाऱ्याचा. अजून दहा मिनिटं आहेत, आवरतं घ्या, एवढंच सांगणारा. सकाळी प्रश्नपत्रिकांची गाडी वाटेत बंद पडली होती, पेपर अकराऐवजी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला होता, आणि मोठ्या सरांनी, म्हणजे या परीक्षाकेंद्राच्या प्रमुखांनी, मुद्दाम तिच्यापाशी येऊन आपल्या दोन बोटांचे काटे करून दाखवले होते. हे असं सरळ आलं की एक टोला, मावशी. आणि हे असे दोन्ही काटे एकमेकांवर बसले की लांब घंटा. ती म्हणाली होती, सर, मला काय काटे शिकवता. वर्गावर्गात जाऊन सांगायचं का, असं कुणीतरी विचारलं तर सरांनीच हात झटकला होता. उगाच गोंधळ. वर्गातली घड्याळं रंगकामाला उतरवली ती परत चढली नव्हती, मुलांची मनगटी घड्याळं फाटकापाशी पिशव्यांत पडलेली. पोरांना वेळ म्हणजे मावशीची घंटा. ती बरोबर तर सगळं बरोबर.

अजूनही वेळ होता. हे तिला नंतर फार दिवस डाचणार होतं, पण डाचायला सुरुवात तिथेच, थाळीपाशी झाली. बाकं सरकल्याचा आवाज नुकता उठत होता. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना मिळून बारा दारं, एका दमात ओरडली असती तर बाराही दारांना ऐकू गेलं असतं. थांबा, बसा, घंटा चुकली. चार शब्द. आणि आवाजाची तर तिच्याकडे कधी ददात नव्हती. भाजीवाल्याशी बोलली तर शेजारच्या गल्लीत भाव उतरायचे. प्राचार्य बदलून गेले, नवे आले, तेही गेले, पण मावशी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून 'कोण पळतंय रे' म्हणाली की तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चालायला लागायचा. तेच तोंड आता उघडलं आणि त्यातून वारासुद्धा निघाला नाही. घसा होता, जीभ होती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त चुकली हा शब्द त्या वाटेने आजवर कधी गेलेला नव्हता, त्यामुळे त्याला वाट सापडेना. आणि तेवढ्यात दारं उघडायला लागली. पर्यवेक्षकांच्या हातांत घड्याळं होती, नाही असं नाही. पण त्यांच्या घड्याळात दोन वाजले होते, पेपर दोनला सुटतो हे वेळापत्रकात छापलेलं होतं, आणि सकाळची दहा मिनिटं कुणाच्या ध्यानात असलीच तर त्यांनी ती मावशीवर सोडून दिली होती. तिला सगळं ठाऊक असतं. आपण कशाला डोकं लावायचं.

सात नंबरच्या वर्गाचं दार थाळीच्या अगदी समोर होतं. दाराला वर काचेचा चौकोन. त्या चौकोनातून मावशीने पाहिलं, सगळी उभी राहिली होती, एक जण बसलेली होती. तिची सून. मान खाली, डावा हात कागदावर आडवा दाबलेला, उजवा हात धावत होता. चष्मेवाल्या पर्यवेक्षकबाई रांगेतून कागद गोळा करत आल्या, तिच्यापाशी थांबल्या, काहीतरी बोलल्या. सुनेने मान वर न करता डावा हात उचलून एक बोट दाखवलं, एक मिनिट असं. बाईंनी कागद धरला आणि ओढला. पेन टेकलेलंच होतं. कागद सरकला तशी पेनची रेघ त्याच्यावर लांब उमटत गेली, शेवटच्या आकड्यापासून थेट कागदाच्या कडेपर्यंत, आणि पुढे बाकावरही वीतभर. बाई निघून गेल्या तरी सून त्या बाकावरच्या रेघेकडे बघत बसली होती. मावशीने हातोडी खिळ्याला अडकवली. ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा अडकली.

लोक म्हणत, मावशीला घड्याळ नीट वाचता येत नाही तरी तिची वेळ चुकत नाही. खरं होतं ते. तिसरी इयत्ता अर्धी झाली आणि पाठीवर धाकटी भावंडं आली, ती पाठ पुन्हा कधी मोकळी झाली नाही. आकडे ओळखीचे होते, पण ते ओळीने धरून त्यांच्याकडून काम करून घेणं तिला जमलं नव्हतं. नवरा याच इमारतीत शिपाई होता. तो गेला आणि त्याची जागा तिला मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी कारकुनाने विचारलं होतं, घड्याळ कळतं का. कळतं, ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने घरचं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि मुलाला सांगितलं, तू काटे फिरवत जा आणि मला सांगत जा. मुलगा आठ वर्षांचा. बाप गेल्याला महिना झाला नव्हता. तो काटे फिरवत होता आणि ती एकेक चित्र डोक्यात ठेवत होती. हे अकराचं, कात्री उघडल्यासारखं. हे दोनचं, माणसाने एक हात वर आणि एक हात बाजूला केल्यासारखं. अशी चाळीस चित्रं तिने पंधरा दिवसांत पाठ केली, आणि मग सव्वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. तापात आली. मुलाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली. समोरचा शिंपी तिच्या घंटेवर दुकान बंद करून जेवायला जायचा, कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याला पोरं चिडवायची की काका, तुमची घड्याळं मावशीकडे नेऊन लावून आणा. ती हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि घरी येऊन सुनेला सांगायची. आम्हाला शाळा नव्हती, पण शाळा आमच्यावर चालते. नाकावर माशी बसू दिली नाही कधी. माशी बसली असती तर माशीलाच वेळ विचारली असती.

आणि सून होती गोगलगाय. हे नाव मावशीनेच ठेवलं होतं, लग्नाला आठवडा व्हायच्या आत. पोरगी वाईट नव्हती, उलट बोलत नव्हती, पण प्रत्येक गोष्टीला वेळ. भांडं घासायला घेतलं की त्यात तोंड दिसेपर्यंत घासणार. चहाला आधण ठेवलं की बुडबुडे बघत बसणार, जसे काही त्यांची हजेरी घ्यायची आहे. मावशी म्हणायची, अगं, तुझं एक काम होईपर्यंत इकडे माणूस म्हातारा होतो. मुलगा लांबच्या गावी कामाला, पंधरा दिवसांनी दोन रात्री घरी. घरात राहिल्या या दोघी, एक धावणारी आणि एक सरपटणारी. मग एक दिवस कळलं की हिला पदवी पुरी करायची आहे, लग्नात राहून गेलेली, आणि तीही गणिताची. मावशी हसली होती. गणित म्हणजे झटपट काम, तिथे तुझ्यासारखीचं काय. पण परवानगी दिली. का दिली हे तिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही. व्हरांड्यात रोज शेकडो पोरी वह्या छातीशी धरून तिच्या समोरून जात आणि त्यांतली एखादी आपल्या घरातून निघून आलेली असावी, एवढीच काहीशी हाव होती. पहिल्या वर्षी मुख्य पेपरात सून गेली. दुसऱ्या वर्षी त्याच पेपरात, थोडक्यात गेली. दोन्ही वेळा कारण एकच, पेपर पुरा झाला नाही. आलेलं सगळं बरोबर, पण आलंच अर्धं. आज तोच पेपर, यंदा तिसरी आणि नियमाने शेवटची खेप. यानंतर पहिल्यापासून सगळं. आज सकाळी घरून निघताना सून वहीचं एक पान उघडून दारात उभी होती, ओठ हलत होते, आणि मावशीला उशीर होत होता. ती म्हणाली होती, चल आता, देवाने तुला हात दिलेत की गोगलगाईची शिंगं. यंदा गेलीस तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, मी आत्ताच सांगते. सून वही मिटून निघाली. वाटेत एक शब्द बोलली नाही. मावशीला ते शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. तिने आजवर टाकलेला शब्द परत उचलला नव्हता. पण पुढच्या वळणावर तिने सुनेच्या हातातली पाण्याची बाटली आपल्याकडे घेतली. तिच्या हिशेबी ते त्यातच आलं.

तिन्ही तास मावशी सावध होती. आज चित्र वेगळं आहे हे स्वतःला बजावत होती. दोनला दहा कमी होते, तेव्हा रोजच्या सवयीने हात शिवशिवला, इशाऱ्याचा टोला त्याच वेळी द्यायचा असतो एरवी. तिने हात मुठीत धरला, बगलेत दाबला, आणि स्वतःवर खूष झाली. सवयीलाही आपण दाबून ठेवतो. त्या खुषीत ती सात नंबरच्या काचेपाशी गेली. सून पेन दातांत धरून कोऱ्या अर्ध्या पानाकडे बघत होती. अगं लिही, मावशी काचेवर पुटपुटली, लिही गं बाई, काहीतरी लिही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं आलं, तिने ते पुसलं. आणि पुसलेल्या जागेतून तिला दिसलं की सुनेचा चेहरा बदललाय. भुवया वर गेल्या, ओठ जरासे उघडले, अंधारात चाचपडताना कुणाच्या हाताला दाराची कडी लागावी तसे, आणि पेन कागदावर टेकलं ते धावतच सुटलं. मावशीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. घरात नाही, लग्नात नाही. त्या पोरीला आनंद होतोय, असा आनंद जो तिच्या घरातल्या कुठल्याही गोष्टीने तिला दिला नव्हता, आणि तिचा हात तिच्या सासूपेक्षा वेगाने चालतोय. मावशीच्या छातीत काहीतरी हललं, गोड आणि थोडं झोंबणारं. ती वळली, चार पावलांवर थाळी होती, वर घड्याळात माणूस एक हात वर आणि एक हात बाजूला करून उभा होता. हात उठला. पहिला टोला बरोबर होता. पहिल्यापाशी थांबायचं होतं. पण तिचं मन त्या काचेपाशीच राहिलं होतं आणि हात एकटा पडला होता, आणि एकट्या हाताला सव्वीस वर्षांत जे येत होतं तेच त्याने केलं. दुसरा. तिसरा. चौथा.

गठ्ठे बांधून होईपर्यंत तिने वाट पाहिली. वाट पाहिली असं ती नंतर स्वतःला म्हणत असे. खरं म्हणजे ती पाण्याच्या टाकीमागे भिंतीला टेकून उभी होती आणि टाकीच्या तोटीतून पडणारे थेंब मोजायचा प्रयत्न करत होती, पण वीसच्या पुढे तिला जमत नव्हतं. मग ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली. सर लाखेची मोहर लावत होते. लाखेचा वास, मेणबत्ती, टेबलावर बारा पाकिटं ओळीने. तिने सांगितलं. कसं सांगितलं तिला आठवत नाही, तोंडातून बहुतेक नुसतं 'सर, दोनला' एवढंच निघालं, पण सरांना ते पुरलं. त्यांचा हात मोहरेवर होता तिथेच राहिला. मावशीची घंटा झाली म्हणजे झाली, म्हणून त्यांनीही तेव्हा घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, जसं काही ते घड्याळ आता वेगळं काही सांगेल. मग दार लावून घ्या म्हणाले.

सर वाईट माणूस नव्हते. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते आणि ते सारखे हसून सांगत की आता फक्त हे एक केंद्र धड पार पडू दे. ते फार हळू आवाजात बोलले. पाकिटं बंद झाली होती. कळवायचं म्हटलं तर वर कळवायला हवं, मग चौकशी, मग बाराही वर्गांचा पेपर रद्द, तीनशे पोरांना पुन्हा बसवायचं. आणि पहिला प्रश्न ते विचारतील की घंटेवर कोण होतं. दुसरा विचारतील की तिच्या नात्यातलं कुणी केंद्रावर बसलं होतं का. मावशीला तेव्हा आठवलं. परीक्षा सुरू व्हायच्या आधी सरांनी एक छापील कागद पुढे केला होता, माझं कुणी नातेवाईक या केंद्रावर परीक्षेस नाही, असं त्यावर होतं. सर म्हणाले होते, नुसता सोपस्कार आहे मावशी, तुमच्याशिवाय केंद्र चालायचं कसं, करा सही. तिने केली होती. तेवढी सही तिला येत होती, आणि ती जरा फिरवून, शेपटी काढून करायला तिला आवडायचं. आता सर म्हणाले, तो कागद निघाला तर माझं जाईल ते जाईल, तुमचं जाईल, पण पहिलं तुमच्या सुनेचं जाईल. तिचे सगळे पेपर जातील, आणि पुढे बसायची बंदी येईल ती वेगळी. लोक म्हणतील सासू घंटेवर आणि सून वर्गात, आतून काय काय झालं असेल. मावशी म्हणाली, पण तिचंच तर नुकसान झालंय. सरांनी मेणबत्ती फुंकली.

"मावशी, घंटा चुकलेली नाही," ते म्हणाले. "तुमची घंटा आजवर चुकली नाही, आजही चुकलेली नाही. कळलं?"

तिला कळलं. ती बाहेर आली. पाण्यात पडलेलं मीठ हाताने गोळा करायला निघाल्यासारखं झालं होतं. मीठ कुठे गेलं नव्हतं, तिथेच होतं, फक्त आता कुणाच्या चिमटीत येणार नव्हतं. फाटकाबाहेर अजून पोरांचे घोळके रेंगाळत होते. तिला पाहून दोघीतिघींनी वाट दिली. कुणीतरी म्हणत होतं की वेळच नाही पुरला, कुणी म्हणत होतं इशाऱ्याचा टोला ऐकूच आला नाही, आणि तिसरी म्हणाली, तुझं लक्ष कुठे होतं, मलाही नाही आला ऐकू पण माझं डोकं तेव्हा गरगरत होतं. दर वर्षी पोरं हेच बोलतात. वेळ कमी पडला, घंटा लवकर झाली, पेपर लांब होता. मावशी दर वर्षी त्यांना ऐकवत असे की वर्षभर झोपलात तेव्हा घंटा नाही आली का ऐकू. यंदा पोरं खरं बोलत होती, आणि खऱ्याचा आवाज अगदी दरवर्षीच्या खोट्यासारखा होता. कानाने वेगळं करता येत नव्हतं. वाटेत शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्याने हात वर करून विचारलं, काय मावशी, संपला का आजचा धंदा. ती मान हलवून पुढे गेली. रस्ता नेहमीचा होता, पण तिला वाटलं तो कुणीतरी जरा तिरका करून ठेवलाय. चालताना एका बाजूला जास्त जोर द्यावा लागत होता. माणसाचा पाय मोडला तर सांगता येतं, इथे मोडला. नाव मोडलं तर लोक सांगतात. पण नाव शाबूत राहिलं आणि आत माणूस मोडला तर तो कुठे बोट ठेवणार?

घरी सून जमिनीवर बसून पुस्तकांना दोरी बांधत होती. रडत नव्हती. तिच्या नेहमीच्या पद्धतीने, एकेक पुस्तक पुसून, कडा जुळवून, मोठं खाली लहान वर. खिडकीतून येणारं ऊन तिच्या गुडघ्यावर पडलं होतं. मावशीने चपला काढल्या आणि तिथेच दारात उभी राहिली. सुनेने वर न पाहता सांगितलं की शेवटचं गणित येत होतं. दोन वर्षं जे अडलं होतं तेच होतं, आणि आज अचानक कसं सुटतं ते दिसलं, सगळं एकदम, खालून वरपर्यंत. चार ओळी राहिल्या होत्या. इशाऱ्याचा टोला झाला असेल तेव्हा ती त्यातच होती, तिला कळलंच नाही. बाकी सगळ्यांनी ऐकला असेल. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आई, ती म्हणाली, मी आहेच गोगलगाय. कुणाकुणाला नसतं जमत. परवा अजून एक पेपर आहे पण आता तो देऊन काय, मुख्य होता तोच गेला. हे सगळं ती दोरी ओढता ओढता बोलली, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं, आणि मावशीला वाटलं हिने रडावं, भांडावं, पुस्तकं भिंतीवर फेकावीत. आपल्यासारखं काहीतरी करावं.

"दोरी सोड," मावशी म्हणाली.

"राहू द्या. सकाळीच ठरलंय ना आपलं."

"मी सांगते सोड. घंटा मी चुकवली." आता शब्द निघाला होता आणि त्याच्यामागून बाकीचे धक्काबुक्की करत येत होते. "पेपर उशिरा सुरू झाला होता, दहा मिनिटं. घंटा दोन दहाला द्यायची होती, मी दोनला दिली. तो टोला तुला ऐकू आला नाही ना, तो झालाच नव्हता. मी एकदम लांब घंटा दिली. तुझी दहा मिनिटं होती अजून. तुझ्या चार ओळी होत्या. तू सावकाश नव्हतीस, तू वेळेत होतीस."

सुनेचा हात थांबला. तिने वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली, त्या भांड्यात तोंड दिसेपर्यंत बघत राहायची तशी. मावशी तिच्या नजरेसमोर उभी होती आणि तिला पहिल्यांदाच हलकं वाटत होतं, ताप उतरताना घाम फुटतो तसं. आता हिने काहीही बोलावं. तोंडाला येईल ते बोलावं. सुनेचे डोळे भरून आले. मग ती हसली.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

मावशी म्हणाली, खोटं नाही, खरंच. सून म्हणाली, फाटकापाशी मुलींनी मोठ्या सरांना विचारलं होतं की उशिरा सुरू झाल्याची दहा मिनिटं मिळाली का. सर म्हणाले मावशींनी घंटा दिली म्हणजे मिळाली. मावशी म्हणाली, त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. सून म्हणाली, मोठ्या सरांना ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात, आणि तेही नेमकं माझ्या पेपरला. हे सगळं ती इतक्या मायेने बोलत होती की मावशीचा आवाज चढला. तिने सांगितलं, काटे कसे होते, हात कसा उठला, सरांच्या खोलीत मेणबत्ती होती. जितकं जास्त सांगावं तितकं ते रचल्यासारखं वाटत होतं. तिला स्वतःलाच वाटायला लागलं. खरं कधी इतकं बारीकसारीक सांगावं लागत नाही, खोट्यालाच टाके घालावे लागतात. शेवटी ती ओरडली, मूर्ख पोरी, मी तुला सांगतेय ना. त्यावर सुनेने उठून तिचे दोन्ही हात धरले. कुणी असे धरल्याला मावशीला वर्षं झाली होती, आणि तिला हात सोडवून घेता आले नाहीत.

"तुम्ही लोकांसमोर कधी वाकल्या नाहीत," सून म्हणाली. "आणि माझं मन राखायला स्वतःच्या घंटेला नाव ठेवताय. पुरे, आई. मला एवढं पुरे."

मग ती सांगत राहिली, खाली बसून, मावशीलाही हाताला धरून खाली बसवून. तिला वाटायचं, या घरात नापास होऊन राहिले तर सासू बोलून बोलून सोलून काढेल. खरं सांगायचं तर तीन वर्षं ती त्या भीतीपोटीच शिकत होती. आज तीच भीती गेली. आता शिकलं नाही तरी काही अडत नाही. परवाचा पेपर नाही देणार ती, घरीच राहील, आणि तिला त्याचं वाईट वाटणार नाही. किती दिवसांनी इतकं मोकळं वाटतंय. मावशी ऐकत होती. तिला म्हणायचं होतं, तू भीतीने नव्हतीस शिकत, मी पाहिलंय, भीतीने माणसाचा चेहरा तसा उजळत नाही. पण ते पाहिलं काचेतून, आणि काचेपाशी आपण का होतो, आणि तिथून वळून आपण काय केलं, हे सगळं त्याच एका गाठीत बांधलेलं होतं, आणि ती गाठ आत्ताच सुटून वाया गेली होती. आता ती काहीही बोलली असती तरी ते आणखी एक मायेचं बोलणं झालं असतं. बुडणाऱ्याला दोरी फेकावी आणि त्याने ती उशाशी घेऊन झोपावं, अशी गत.

बोलता बोलता सून आडवी झाली आणि तिने डोकं मावशीच्या मांडीवर ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. महिनाभराची जागरणं होती, दोन श्वासांत ती झोपली, तोंड किंचित उघडं, मुलीसारखी. बाहेर कुणीतरी अंगणात सायकल टेकवली, कुणाच्या तरी घरात नळ सुटला. ऊन तिच्या गुडघ्यावरून उतरून जमिनीवर आलं, तिथून भिंतीकडे सरकायला लागलं. मावशीच्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग तो जड झाला, मग तिथे पाय आहे की नाही हेच कळेना. तिने सुनेचे केस कपाळावरून मागे सारले. उठवलं असतं तर उठली असती, आणि पुन्हा तसंच हसली असती. मावशी हलली नाही.